नवसाचं लेकरू

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार-रविवार आला, की आमच्या नाशिकरोडला पाय ठेवायला जागा उरत नाही. बाळ येशूची यात्रा असते. मुंबई-वसईच्या गाड्या येतात, गुजरातच्या येतात, नगरकडचे टेम्पो येतात. ख्रिस्ती असतात तसे हिंदू असतात, मुसलमानही असतात. कुणी नवस बोलायला आलेलं, कुणी फेडायला. बहुतेक बायांच्या हातात मेणबत्ती आणि कडेवर लेकरू. आमचं घर त्या वाटेवरच आहे. पहाटेपासून रात्रीपर्यंत पावलं वाजत असतात, पिपाण्या वाजत असतात, आणि मध्येच एखादं बाळ किंचाळून रडत असतं.

त्या गर्दीत मी पाच वर्षं माझ्या लेकराला घेऊन चालले. पुढची तीन वर्षं त्याच गर्दीचा आवाज खिडक्या लावून घरात बसून ऐकला.

मैत्रिणींनो, त्याला आता वीस वर्षं उलटून गेली. आमच्या कॅथलिक घरात जे घडलं, ते तुमच्यापैकी अनेकींच्या घरात वेगळ्या देवापुढे घडलेलं असेल. दुःखाला जात-धर्म नसतो हे खरं. पण दुःखात आपण ज्याच्याशी भांडतो, तो देव मात्र ज्याच्या त्याच्या घरचा असतो. म्हणून माझ्या घरचं सांगते.

पाच मेणबत्त्या

माझं लग्न १९९० साली झालं. माहेर श्रीरामपूरकडचं, सासरचं मूळ गाव संगमनेरच्या बाजूचं. हे इथे प्रेसमध्ये नोकरीला. लग्नाला नऊ वर्षं होत आली तरी पाळणा हलला नाही. नाशिकचे डॉक्टर झाले, मुंबईचे झाले. दोघांतही दोष नाही म्हणून सांगायचे आणि पुन्हा नव्या तपासण्या लिहून द्यायचे. शेवटी सासूबाई म्हणाल्या, “बाळ येशूला नोव्हेना कर.” नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची नेमानं करायची प्रार्थना. आपल्याकडे नवस कुणाला नवा आहे? कुणी देवीला पाळणा वाहतं, बांद्र्याच्या मोतमावलीला मेणाचं बाळ वाहतात. मी नवस बोलले, की मूल झालं तर ते बारा वर्षांचं होईपर्यंत दर यात्रेला त्याच्या उंचीएवढी मेणबत्ती वाहीन.

मार्च १९९९ मध्ये मुलगा झाला. त्याचं पाळण्यातलं नाव इथे लिहीत नाही. घरात आम्ही त्याला सोन्या म्हणायचो.

दर जानेवारीत हे त्याला स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं करायचे आणि डोक्याशी पेन्सिलीची रेघ मारायचे. त्या मापाची मेणबत्ती सांगून करून घ्यायची. पहिली अडीच फुटांच्या आतली. दुसरीच्या वेळी त्यानं पेन्सिलच चावली. पाचव्या वर्षी तो स्वतः टाचा उंचावून उभा राहिला, म्हणजे मेणबत्ती मोठी मिळेल! सहावी रेघ जानेवारी २००५ मध्ये मारली. साडेतीन फुटांच्या थोडी वर. मेणबत्ती करून घरी आणली, कागदात गुंडाळून कपाटावर ठेवली.

यात्रेला तीन आठवडे होते. एका रात्री त्याला ताप भरला. सकाळी मान वाकेना. मेंदूज्वर होता. दवाखान्यात अकरा दिवस काढले. बाराव्या दिवशी आम्ही दोघंच घरी आलो. सोन्याला सहावं वर्ष पुरं व्हायला दोन महिने बाकी होते.

सांत्वनाची वाक्यं

लहान मुलाच्या दफनाला आमच्याकडे फादर पांढरी वस्त्रं घालतात. बाप्तिस्मा झालेल्या इतक्या लहान मुलाच्या माथी पाप नसतं, असं चर्च मानते. म्हणून त्या मिस्सेतल्या प्रार्थना मुख्यतः मागे राहिलेल्या आईबापांसाठी असतात. मला त्या दिवशी त्यातलं काही ऐकू आलं नाही. पेटी केवढीशी होती, एवढंच डोळ्यांपुढे आहे.

मग माणसं यायला लागली. सगळी चांगली माणसं. पण त्यांची वाक्यं अजून माझ्या अंगात काट्यासारखी आहेत. कुणी म्हणालं, देवाची इच्छा. कुणी म्हणालं, देवाला आपल्या बागेत फूल हवं होतं. एकीनं पाठीवरून हात फिरवत सांगितलं, “अजून तुझं वय गेलेलं नाही, बाई.” एक लांबची आत्या म्हणाली, “नवसाचं होतं, ज्याचं त्यानं नेलं.” आणि जाता जाता दुसरी कुजबुजली, “बघ, नवसात काही राहून गेलं असेल.”

हे शेवटचं वाक्य सगळ्यांत खोल गेलं. कारण कपाटावर ती मेणबत्ती होती, न वाहिलेली. मी रात्र रात्र हिशेब करायची. तिसऱ्या वर्षी गर्दी फार म्हणून आम्ही शनिवारऐवजी सोमवारी गेलो होतो, ते चुकलं का? चौथ्या वर्षीची मेणबत्ती बोटभर आखूड भरली होती, ते चुकलं का? आता हे वाचून तुम्हाला नवल वाटेल. पण मूल गेलेल्या बाईला विचारा. ती असले हिशेब घालतेच. कारण स्वतःची चूक सापडली, तर निदान काहीतरी कारण तरी सापडतं.

शेजारच्या वहिनी एकट्याच काही बोलल्या नाहीत. त्या माळकरी, वारकरी घरच्या. आमच्याकडे चूल पेटत नव्हती तेव्हा रोज दोन वेळा पिठलं-भात, वरण-भात आणून ठेवायच्या. मी जेवले नाही तर झाकून ठेवायच्या. दुपारी येऊन माझ्या शेजारी तांदूळ निवडत बसायच्या. महिनाभर हे चाललं. त्यांच्या तोंडून देवाचं नाव मी एकदाही ऐकलं नाही.

“मी त्याच्याशी बोलत नाही”

हे रोज सकाळच्या मिस्सेला जायला लागले. पूर्वी रविवारीसुद्धा यांना उठवावं लागे. आणि मी, जिची जपमाळ कधी चुकली नव्हती, ती चर्चची पायरी चढेनाशी झाले. संध्याकाळी सासूबाई माळ म्हणायला बसल्या, की मी मोरीत भांडी आपटत बसायची. आमच्या घरात दोन देव झाले होते, एक यांचा आणि एक माझा.

एकदा मी यांना म्हटलं, “तुम्हाला जाववतं तरी कसं तिथे?” हे बूट घालता घालता थांबले. म्हणाले, “मला दुसरीकडे कुठे जाता येत नाही.” मला तेव्हा तो कोडगेपणा वाटला. न्हाणीत नळ मोठा सोडून हे रडत, हे मला फार उशिरा कळलं.

आमच्या धर्मग्रामाचे फादर घरी आले, तेव्हा मी सरळच सांगितलं, “फादर, मी देवाशी बोलत नाही. त्यानं दिलं कशाला, आणि द्यायचं होतं तर परत नेलं कशाला?” मला वाटलं, आता प्रवचन ऐकावं लागणार. त्यांनी चहा संपवला. मग नवसाचं विचारलं. मी मेणबत्तीचं सांगितलं, आखूड भरलेली, सोमवारी नेलेली, सगळं. ते म्हणाले, “मेणबत्तीची उंची मोजून जो देव लेकराचं आयुष्य मोजतो, त्याच्यासाठी मी हा झगा घातला नसता.” आणि उठताना म्हणाले, “बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक वाचा. ८८ वं स्तोत्र वाचा. नाही पटलं तर मला येऊन सांगा, आपण दोघं मिळून भांडू.”

ईयोबाची बायको

ईयोबाची गोष्ट लहानपणी कॅटिकिझमच्या वर्गात ऐकली होती, धीराची गोष्ट म्हणून. आई झाल्यावर आणि लेकरू गेल्यावर वाचली, ती वेगळीच निघाली.

ईयोब हा सज्जन, देवाला मानणारा माणूस. त्याचे सात मुलगे आणि तीन मुली एकाच दिवशी घर कोसळून दबून मरतात. मित्र येतात. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहतात. तोवर सगळं ठीक. मग ते बोलायला लागतात. तुझ्या हातून पाप झालं असेल, देव उगाच शिक्षा करत नाही, असं चढाओढीनं समजावतात. मला त्यांत आमची आत्या दिसली! ईयोब मात्र ऐकून घेत नाही. तो देवालाच जाब विचारतो. आपण जन्मलो तो दिवस नसता उजाडला तर बरं, इथपर्यंत बोलतो. आणि शेवटी देव रागावतो तो कुणावर? देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्या त्या मित्रांवर. तंडणारा ईयोब खरं बोलला, असा निवाडा देव देतो. मात्र मुलं का गेली, हे तो ईयोबाला शेवटपर्यंत सांगत नाही.

हे वाचलं त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी सलग चार तास झोपले.

पण दोन गोष्टी मला पटल्या नाहीत, आणि त्या मी फादरना सांगितल्या. पहिली म्हणजे ईयोबाची बायको. देवाला शिव्या दे आणि मरून जा, असं ती नवऱ्याला म्हणते, म्हणून तिला अविचारी म्हणतात. पण दहा लेकरं तिचीही गेली होती ना? नऊ महिने पोटात तिनं वागवली होती. तिच्याजवळ सात दिवस येऊन कुणी बसलं होतं का? दुसरी गोष्ट, शेवटी ईयोबाला पुन्हा सात मुलगे आणि तीन मुली होतात आणि सगळं गोड होतं. “अजून वय गेलेलं नाही” म्हणणाऱ्या बाईसारखंच झालं हे! नवी दहा आली म्हणून जुनी दहा भरून निघतात का? फादर हसले नाहीत. म्हणाले, “हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.”

८८ वं स्तोत्र तर त्याहून कडू. बाकीची बहुतेक शोकस्तोत्रं शेवटाला देवावर भरवसा ठेवून थांबतात. हे अंधारातच संपतं. त्याला कुणी गोड शेवट जोडला नाही आणि कुणी पुस्तकातून काढूनही टाकलं नाही. शतकानुशतकं माणसं ते प्रार्थना म्हणून म्हणत आली. म्हणजे मी मोरीत भांडी आपटत जे मनातल्या मनात म्हणत होते, ते पवित्र पुस्तकात आधीच लिहिलेलं होतं.

मग योहानाच्या शुभवर्तमानातली मार्था सापडली. भाऊ लाझरस आजारी म्हणून बहिणींनी येशूला निरोप धाडलेला. तो येतो तेव्हा भाऊ कबरेत जाऊन चार दिवस झालेले. मार्था वाटेतच त्याला गाठून ऐकवते, की तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. मागून दुसरी बहीण मरिया येते, तीही अगदी तेच म्हणते. येशू त्यांना रागावत नाही. त्याच्याही डोळ्यांतून पाणी येतं. पुढे लाझरस उठतो. माझा सोन्या उठला नाही. तो फरक मला कुणी समजावू शकलेलं नाही. पण देवाच्या तोंडावर “तू उशीर केलास” म्हणणारी बाई चर्चनं संत मानली आहे, हे कळल्यावर मला माझ्या रागाची लाज वाटेनाशी झाली.

आपल्याआधी गेलेल्या बायका

आमच्या नाशिकजवळच्या जलालपूरला १८६८ साली एक मुलगी जन्मली, ती पुढे लक्ष्मीबाई टिळक झाली. त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ तुमच्यातल्या पुष्कळजणींनी वाचलं असेल. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि या बाईंचा संसार उभा चिरला गेला. काही वर्षांनी त्या स्वतःच्या विचारानं ख्रिस्ती झाल्या. त्या प्रॉटेस्टंट, आम्ही कॅथलिक. पण शोकाला हे भेद ठाऊक नसतात. लहान लेकरांची मरणं त्यांनीही सोसली होती. ते पुस्तक मी शाळेत हसण्यासाठी वाचलं होतं. २००६ च्या पावसाळ्यात पुन्हा काढलं, तेव्हा पाहिलं, की या बाई मरणाचं वर्णन वाढवत नाहीत आणि त्यावर देवाच्या नावानं मलमपट्टीही करत नाहीत. झालं ते सांगतात आणि पुढच्या पानावर पुन्हा संसाराला लागतात. टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ याच बाईंनी पुरं केलं.

फादरनी दुसरी एक बाई सांगितली. फ्रान्समधल्या आलाँसाँ गावची झेली मार्तँ, लेस विणवून घेण्याचा धंदा करणारी. १८३१ चा जन्म. नऊ मुलं झाली, चार लहानपणीच गेली. त्यांतली एक पाच वर्षांची, माझ्या सोन्याएवढी. ही मुलं झालीच नसती तर बरं झालं असतं, असं लोक तिला म्हणत, आणि तिला ते ऐकवत नसे. तिनं ते पत्रात लिहून ठेवलं आहे. तिची धाकटी लेक म्हणजे आपण छोटी तेरेजा म्हणतो ती लिझ्यूची संत. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी रोममध्ये झेली आणि तिच्या नवऱ्याला जोडीनं संतपद मिळालं. तोवर मी सावरले होते. पण बातमी आली तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच मोठ्यानं म्हणाले, “ऐकलंत का? तिलाही असंच म्हणाले होते!”

सासूबाईंचं बाळ

एप्रिल २००७ मधली गोष्ट. फादरनी रविवारी सांगितलं, की रोमहून एक निवेदन आलं आहे, बाप्तिस्म्यापूर्वी मरणाऱ्या तान्ह्या बाळांविषयी. मी अजून चर्चला जात नव्हते. हे घरी येऊन आईंना सहज सांगत होते. सासूबाई कणीक मळत होत्या. हात तसेच पिठात ठेवून त्या मटकन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. माझा मुलगा गेला तेव्हाही त्या अशा रडल्या नव्हत्या.

१९५५ साली, यांच्या जन्माच्याही आधी, त्यांना एक मुलगा झाला होता. दोन दिवस जगला. गावात फादर महिन्यातून एकदा यायचे. बाप्तिस्मा झाला नाही. म्हणून दफनविधी झाला नाही. स्मशानभूमीच्या कुंपणाबाहेर, बाभळीखाली पुरलं. तेव्हा शिकवत, की अशी बाळं लिंबो नावाच्या ठिकाणी जातात. तिथे त्रास नसतो, पण देवाचं दर्शन कधीच नाही, आणि आईची भेटही नाही. बावन्न वर्षं ही बाई रोज माळ म्हणत होती आणि आपलं पहिलं लेकरू आपल्याला कधी भेटायचं नाही, असं मनात धरून बसली होती. यांनाही ठाऊक नव्हतं, की आपल्याला थोरला भाऊ होता.

लिंबो हा चर्चचा ठाम सिद्धांत कधीच नव्हता. पंडितांनी काढलेलं ते एक अनुमान होतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ मध्ये दफनविधीचं नवं पुस्तक आलं. त्यात, ज्याचा बाप्तिस्मा करण्याची आईबापांची इच्छा होती अशा बाळालाही दफनविधीची सोय झाली. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात अशी बाळं देवाच्या दयेवर सोपवली. आणि २००७ मध्ये धर्मपंडितांच्या आंतरराष्ट्रीय मंडळानं पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीनं सांगितलं, की ही बाळं देवाजवळ असतील अशी आशा धरायला बळकट कारणं आहेत. खात्री दिली नाही, आशा दिली.

मी विचारलं, “आई, इतकी वर्षं बोलला का नाहीत?” त्या म्हणाल्या, “मला कुणी विचारलं नाही. आणि तुझं बघून वाटायचं, हिच्या लेकराला निदान कबर तरी आहे.”

त्या दिवशी कणीक वाळून गेली. आम्ही दोघी मोरीच्या उंबऱ्याशी बसून, प्रत्येकीनं आपापल्या लेकराचं सांगितलं. तिचं दोन दिवसांचं, माझं पावणेसहा वर्षांचं. तिच्याजवळ सांगायला फारसं काही नव्हतं. त्याचे केस दाट होते, एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

वाकडी मेणबत्ती

जूनमध्ये, पहिला पाऊस पडल्यावर, मी कपाटावरून ती मेणबत्ती काढली. नाशिकचे तीन उन्हाळे पत्र्याखाली काढून ती धनुष्यासारखी वाकली होती. मी ती टाकूनच द्यायला निघाले. सासूबाई म्हणाल्या, “चल, तशीच नेऊ.”

आडवारची दुपार होती. बाळ येशूच्या मंदिरात झाडलोट करणारा एक माणूस, दोन शाळकरी पोरं आणि आम्ही दोघी. मूर्ती तीच, डोक्यावर मुकुट, अंगात झगा, एक हात आशीर्वादासाठी वर उचललेला. या रूपाची मूळ मूर्ती युरोपात प्राग शहरात आहे, जेमतेम दीड फुटाची, मेणाचा लेप दिलेली लाकडी. १६२८ मध्ये एका सरदार घराण्यातल्या बाईनं ती तिथल्या कार्मेलाईट साधूंना दिली. तीन वर्षांत शहरावर फौजा चालून आल्या, मठ लुटला गेला, आणि मूर्ती वेदीमागच्या ढिगाऱ्यात फेकली गेली. काही वर्षांनी एका फादरना ती सापडली, तेव्हा तिचे दोन्ही हात तुटलेले होते. साऱ्या जगानं ज्याच्याकडे हात पसरायचे, तो देव स्वतःच बिनहातांचा कचऱ्यात पडला होता! लहानपणापासून मी ही गोष्ट ऐकत आले होते. हात पुन्हा बसवले, तो चमत्कार म्हणून. त्या दुपारी मला त्यातली मधली वर्षं आठवत राहिली.

मेणबत्ती उभी राहीना. झाडणाऱ्या माणसानं दोन विटा आणून टेकण दिलं. ज्योत तिरपी जळली, मेण भलतीकडे गळलं. मी प्रार्थना केली का? नाही. मी एवढंच म्हटलं, “ही सहावी.” मग आम्ही रिक्षा करून घरी आलो आणि रात्री बटाट्याची भाजी केली. त्यानंतरच्या रविवारी मी यांच्याबरोबर मिस्सेला गेले. सगळी उत्तरं मिळाली म्हणून गेले, असं समजू नका. उत्तर आजही नाही. पण तिथे बसून रडता येतं, आणि भांडताही येतं, हे मला कळलं होतं.

घरातल्यांना आणि शेजारणींना

ज्या घरातलं लेकरू गेलं आहे, तिथे तुम्ही जाल तेव्हा माझ्या अनुभवातलं थोडं लक्षात ठेवा.

देवाच्या वतीनं कारण सांगू नका. देवाची इच्छा, पूर्वजन्मीचं, नवसाचं, यांतलं काहीच नको. “काय बोलावं सुचत नाही,” एवढं म्हटलं तरी पुरे.

जेवण न विचारता न्या. “काही लागलं तर सांगा” म्हटलं, तर ती बाई कधीच सांगणार नाही.

गेलेल्या मुलाचं नाव घ्या. आपण नाव काढलं तर तिला रडू येईल, म्हणून सगळे टाळतात. तिला तर ते नाव ऐकायचं असतं.

वाढदिवस आणि गेल्याची तारीख, दोन्ही लिहून ठेवा. पहिल्या महिन्यात घर भरलेलं असतं. तेराव्या महिन्यात कुणी फिरकत नाही. आमच्याकडे २ नोव्हेंबरला सर्व मृतांचा दिवस असतो, कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या लावतात. वहिनी दरवर्षी माझ्याबरोबर येतात.

कपडे, खेळणी, दप्तर यांची आवराआवर आईला विचारल्याशिवाय करू नका. आमच्या दाराच्या चौकटीला तीनदा रंग दिला. प्रत्येक वेळी त्या सहा रेघा सोडून.

नवरा रडत नाही म्हणून त्याला दगड समजू नका. दोघांचं दुःख एका चालीनं चालत नाही. घरात दुसरं मूल असेल तर त्याला जवळ घेऊन खरं काय ते सांगा. “भाऊ गावाला गेला” असलं सांगू नका.

आणि महिने उलटूनही ती उठत नसेल, खात नसेल, जगून काय करू म्हणत असेल, तर नुसत्या प्रार्थनेवर राहू नका. तिला डॉक्टरकडे न्या, आणि एकटी सोडू नका. औषध घेणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं असं आमचे फादरही मानत नाहीत.

सासूबाई २०१४ मध्ये गेल्या. यात्रेच्या दोन दिवसांत आता मी फाटकाशी पाण्याचा माठ आणि पेले ठेवते. मागच्या फेब्रुवारीत दुपारच्या उन्हात एक पोरगी पाणी प्यायला थांबली. पंचविशीची असेल, कपाळाला कुंकू, हातात हिरवा चुडा. जळगावकडून आली होती. लग्नाला सहा वर्षं झाली म्हणाली. मग हळूच विचारलं, “काकू, इथला नवस पावतो ना हो?”

माझ्या मागे दार उघडं होतं आणि चौकट तिथून दिसत होती. खोटं बोलायचं नव्हतं, आणि तिची आशाही मोडायची नव्हती. मी म्हटलं, “मी बोलले होते, बाई. मला मुलगा झाला होता.” ‘होता’ हे तिला कळलं की नाही कोण जाणे. ती माझ्याकडे बघत राहिली. मग मी तिचं नाव विचारलं, आणि म्हटलं, “तुझ्यासाठी मागेन मी.” बावीस तारखेपर्यंत रोज मागितलं. इतक्या वर्षांत कुणासाठी काही मागण्याची ती माझी पहिलीच वेळ.

तिनं बाटली भरून घेतली. मी तिला रस्ता सांगितला. सरळ जा, गर्दी दिसेल तिकडे वळ, आणि मेणबत्ती उन्हात धरू नकोस, पदराखाली घे.